न घासलेली रिम

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. तिला माझं सगळं ठाऊक आहे — पगार, साखरेची गोळी, थोरल्या भावाशी झालेलं भांडण, सगळं. हे नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखीच्या माणसाच्या तोंडाकडे बघून हे बोलायची छाती माझ्यात नाही. तेव्हाही नव्हती.

ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. मी पिंपरीतल्या एका कंपनीत, टूलरूममध्ये टर्नर होतो, लेथवर धातू कातायचो. मूळचा सोलापूरकडचा, आयटीआय करून इकडे आलेला. लेथवर माझा हात चांगला होता — चांगला म्हणजे काय, मी फिनिशिंगचा शेवटचा कट घेतला की जॉबमध्ये तोंड बघून भांग पाडावा. फोरमन दुसऱ्या खात्यातल्या लोकांना माझे जॉब दाखवायला आणायचा. मला त्याचा गर्व होता. गर्वच म्हणतो. अभिमान वगैरे सोज्वळ शब्द आता कशाला?

आमच्या वर्क्स मॅनेजर साहेबांनी जर्मनीहून एक गाडी आणली होती. हातभर लांबीची, पण खेळणं म्हणाल तर फसाल. तिला खरं इंजिन होतं, अंगठ्याएवढं. स्पिरिट, एरंडेल आणि नायट्रो नावाचं काहीतरी मिसळलेलं इंधन तिला लागायचं आणि ती हातातल्या रेडिओच्या पेटीवरून चालायची. सुटली की कानठळ्या बसायच्या आणि मागे एरंडेलाचा वास राहायचा. साहेब रविवारी कंपनीच्या आतल्या डांबरी रस्त्यावर ती पळवायचे. बाकीचे दिवस कडक असलेला हा माणूस रविवारी चक्क हसायचा.

अडचण टायरांची होती. त्या गाडीच्या टायरांत हवा नसते. स्पंजासारख्या रबराचं कडं असतं, ते रिमवर चिकटवायचं. आपल्या रस्त्यावरच्या खडीनं ती जर्मन कडी महिन्याभरात खाऊन टाकली. इथे दुसरी मिळणार कुठून? साहेबांनी मला बोलावलं. रिमा मी अॅल्युमिनियमच्या करून देईन म्हणालो. आणि रबरासाठी — रशीदभाईचं नाव मीच सांगितलं. हेही लक्षात ठेवा. त्याला यात मीच आणलं.

रशीदभाईचं दुकान चिंचवडला, हमरस्त्यावर. ट्रकचे टायर रिमोल्ड करायचा, म्हणजे झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवायचा. वडिलांपासूनचा धंदा. रबर चिकटवायचं बाजारातलं तयार सोल्युशन तो वापरत नसे. पेट्रोलमध्ये रबर विरघळवून, आणखी काय काय घालून स्वतःचं बनवायचा आणि त्याचा डबा कुणाला हुंगूही द्यायचा नाही. त्याच्या सोल्युशननं चिकटवलेलं सुटलं, असं सांगणारा माणूस हमरस्त्यावर तरी भेटला नसता.

त्या एवढ्याशा चाकांवर त्यानं जीव लावला. पुढच्या चाकांना हवाई चपलेच्या तळाचं रबर, मागच्यांना मशिनच्या पॅकिंगमधला काळा, मऊ स्पंज. असं का, विचारलं तर म्हणाला, मागचं चाक ढकलतं, त्यानं जमीन धरली पाहिजे. पुढच्यानं जास्त धरली तर गाडी गिरकी घेते. रबरात अंगठ्याचं नख रोवायचा आणि खड्डा किती वेळात भरतो ते बघायचा. सकाळच्या गार डांबराला एक रबर, दुपारच्या तापलेल्याला दुसरं. कडं चिकटवलं की मी ते लेथवर धरून गोल करायचो, डावं-उजवं अगदी सारखं, नाहीतर गाडी एका अंगाला ओढायची. दर खेपेला इंजिनातून उडालेलं तेल पुसायचं, कडेला नख घालून सुटतंय का बघायचं. गाडी ठेवताना खाली लाकडाचा ठोकळा द्यायचा, नाहीतर स्पंज एका जागी बसतो. हे सगळं त्यानं दोन महिन्यांत, कुणी न शिकवता शोधून काढलं. आणि मी? मी रिमा चमकवत होतो.

पहिला जोड घेऊन गेलो तेव्हा रिम हातात फिरवून तो म्हणाला, "दत्ताभाऊ, लई झकास केलंय. पर याला सोल्युशन धरनार न्हाई. पकडायला कायतरी पायजे की त्याला." आणि हॅक्सॉचं, लोखंड कापायच्या करवतीचं, जुनं ब्लेड घेऊन त्यानं माझ्या फिनिशवर आडव्यातिडव्या रेघा ओढल्या. खरखर, खरखर. मी बघत उभा राहिलो. खरं सांगू? कुणीतरी तोंडात मारावी तसं झालं. टायरच्या आत झाकली जाणारी ती जागा, तिथे चकाकी असली काय नि नसली काय! पण मला ते कळत असून वळत नव्हतं. प्रत्येक जोडाला तो रेघा ओढायचा आणि प्रत्येक वेळी मी दुसरीकडे बघायचो.

साहेब त्याच्यावर खूश होते. पेंट शॉपच्या लाइनला रबर चढवलेले रोलर लागत, ते मुंबईहून यायचे. साहेबांनी रशीदभाईला नमुन्याचे चार रोलर करायला सांगितले. कंपनीच्या स्पोर्ट्‌स डेला मुंबईचे डायरेक्टर येणार होते, त्यांच्याशी तिथेच गाठ घालून देतो म्हणाले. रस्त्याकडेच्या टपरीतून माणूस एकदम कंपनीचा सप्लायर होणार होता. त्यानं भोसरीला एक गाळासुद्धा बघून ठेवला. मला तिथे नेऊन दाखवला — इथं प्रेस बसवीन, इथं तुमच्यासाठी खुर्ची ठेवीन, येत जा.

स्पोर्ट्‌स डेला गाडी पळवून दाखवायची होती. त्यासाठी नवा जोड हवा होता आणि नेमकी त्याच आठवड्यात रशीदभाईची बहीण राजगुरुनगरला अत्यवस्थ झाली. जायच्या आधी तो कापलेली कडी आणि बाटलीत भरलेलं सोल्युशन माझ्या हातात देऊन गेला. ते सोल्युशन त्यानं आजवर कुणालाही दिलेलं नव्हतं. रिम चांगली घासा, पेट्रोलनं पुसा, सोल्युशन लावून बोटाला चिकटेनासं झालं की कडं चढवा, मग दिवसभर हात लावू नका — एवढंच चार चार वेळा सांगितलं. मी मान डोलावली.

त्या रिमा माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात सुंदर रिमा होत्या. साहेबांनी एक उचलून उजेडात धरली आणि म्हणाले, "शिंदे, हे तर घड्याळाचं काम आहे." झालं. ब्लेड हातात घेतलं, रिमवर टेकवलं — आणि ठेवून दिलं. सोल्युशन एवढं जबरदस्त आहे, धरेल की! पेट्रोलनं पुसलं, सोल्युशन लावलं, वाळू दिलं, कडं चढवलं, दिवसभर ठेवलं. सगळं त्याच्या सांगण्याप्रमाणे केलं. फक्त घासलं नाही.

मैदानाच्या कडेच्या रस्त्यावर गाडी सुटली. दोन फेऱ्या अशा काही घेतल्या की डायरेक्टरसाहेब खुर्चीतून उठले. तिसऱ्या फेरीला, कॅन्टीनच्या वळणावर, मागचं उजवं टायर रिमवरून सोलून निघालं. गाडीनं गिरकी घेतली आणि ती झेंड्याच्या चौथऱ्यावर जाऊन आदळली. पुढचा भाग चेपला, आतला रेडिओचा डबा फुटला.  मग कुठूनतरी शिट्टी आली आणि सगळे कामगार हसले — वर्षभर ज्याला घाबरायचं त्याची फजिती झाली की माणसं हसतात तसे. साहेब हातातली पेटी घेऊन उभेच होते.

तुकडे गोळा करायला मी धावलो. रिम उचलली. सोल्युशनचा थर सगळाच्या सगळा टायरच्या आतल्या बाजूला होता. रिमवर टिपूससुद्धा नाही, नव्यासारखी लखलखीत. आमच्या धंद्यातल्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं काय झालंय ते. मी रिम खिशात घातली.

साहेबांनी विचारलं, काय झालं? मी म्हणालो, "सोल्युशन सुटलं, साहेब. रशीदचं सोल्युशन." बघा, यात एक अक्षर खोटं नाही. सोल्युशन सुटलंच होतं आणि ते रशीदचंच होतं. खऱ्या शब्दांचं इतकं खोटं वाक्य मी पुन्हा कधी बोललो नाही. साहेब म्हणाले, "खेळण्याचं चाक ज्याला चिकटवता येत नाही, त्याच्या रोलरवर मी लाइन चालवू?" तिथेच मला सांगता आलं असतं, साहेब, चिकटवलं मी. नाही सांगितलं. का? हाकलून देणार होते का मला? नाही. चार शिव्या दिल्या असत्या. माझ्या फिनिशमुळे झालं, एवढंच सगळ्यांना कळलं असतं.

इथे थांबलो असतो तर मी साधा भित्रा माणूस ठरलो असतो. तसली माणसं पुष्कळ असतात. मला खरं सांगायचं आहे ते याच्या पुढचं — आणि इतका वेळ मी गाडीचं, टायरचं, एरंडेलाचं सांगत बसलो ते हे टाळण्यासाठीच, तुमच्याही लक्षात आलं असेल.

रशीदभाई दोन दिवसांनी परतणार होता. तो रिम मागणार, हे मला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत टूलरूम रिकामी असताना मी ती रिम व्हाइसच्या जबड्यात आवळली आणि हॅक्सॉच्या ब्लेडनं तिच्यावर रेघा ओढल्या. आडव्या, तिरक्या, अगदी त्याच्या पद्धतीनं. ताज्या दिसू नयेत म्हणून वर काळं तेल चोळलं आणि पुसून टाकलं. माझी सुंदर रिम मी अशी स्वतःच्या हातानं खराब केली. काम नीट होण्यासाठी जे जमलं नव्हतं, ते लपवण्यासाठी सहज जमलं. 

तो आला. बहीण गेली होती. डोक्याचे केस विस्कटलेले, डोळे लाल. आधी रोलरचं विचारलं नाही. विचारलं, "रिम घासली हुती ना, दत्ताभाऊ?" मी हो म्हणालो आणि रिम त्याच्या हातात ठेवली. त्यानं ती बराच वेळ फिरवली, रेघांवर नख फिरवलं, टायरच्या आतला थर बोटानं चाचपला. मला वाटलं, ओळखलं यानं. ओळखलं असतं तर किती बरं झालं असतं! तो हळूच म्हणाला, "एवढं खरबरीत असूनबी धरलं न्हाई. मंग सोल्युशनच बिघडलं माझं." माझ्यावर संशय घ्यायचं त्याच्या मनातच आलं नाही. दुसऱ्याला जखम दिसली की ती आपल्याच हातून झाली का, ते आधी तपासणारा माणूस तो.

रोलरचं काम गेलं, गाळा गेला. पण तेवढ्यानं तो हिंमत हरणारा नव्हता. खचला तो सोल्युशनमुळे. आठवडाभर तो वेगवेगळ्या डब्यांत रबर विरघळवून पत्र्याच्या तुकड्यांवर पट्ट्या चिकटवायचा आणि पक्कडीनं ओढून बघायचा. पट्ट्या निघायच्या नाहीत. तरी त्याला खात्री पटेना. मी समोर स्टुलावर बसून बघायचो, चहा प्यायचो. मग रिमोल्डला आलेले ट्रकवाले तो परत पाठवू लागला — रस्त्यात सुटलं तर ड्रायव्हरचा जीव जाईल, म्हणायचा. शेवटी वडिलांपासूनचा तो डबा त्यानं दुकानामागे ओतून टाकला. वर्षाच्या आत दुकान बंद झालं. त्याच वर्षी मला बढती मिळाली, मी चार्जहँड झालो.

नंतर दोन-तीन वर्षांनी एका लग्नासाठी राजगुरुनगरला गेलो होतो. एसटी स्टँडसमोर मेव्हण्याच्या सायकल दुकानात तो बसलेला दिसला. बाजारातल्या नळीतलं सोल्युशन ट्यूबवर लावत होता. मी पाय उचलून पुढे निघालो होतो, त्यानंच हाक मारली. जबरदस्तीनं बसवून घेतलं, चहा मागवला. माझ्या मुलांची नावं त्याला पाठ होती, एकेकाचं विचारलं. मग मेव्हण्याला ऐकू जाऊ नये म्हणून माझ्याजवळ सरकला.

"दत्ताभाऊ, कैक दिस बोलायचं हुतं. माझ्यापायी साहेबापुढं तुमची मान खाली गेली. तुमी विश्वासानं माझं नाव घेतलं आन् माझं सोल्युशन खोटं निगालं. जमलं तर माफ करा."

मी त्याच्याकडे बघितलं. त्याची बोटं ट्यूबवरचा पॅच अजून दाबून धरत होती, सुटेल या भीतीनं.

"जाऊ द्या रशीदभाई," मी म्हणालो. "माणसाच्या हातून चूक होते. मी कधी मनात ठेवलं नाही."

त्यानं माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि तो रडला. मी त्याच्या पाठीवर थोपटलं. त्याला माफ करून, चहा संपवून, मी लग्नाला गेलो.