पांढरी सहा

मी सुतार. इथं आखातात, शुवैखच्या वर्कशॉपात सोफे, कपाटं, हॉटेलांच्या खुर्च्या, बारा वर्षं हेच चाललंय. गावच्या भजनात पेटी वाजवायचो हे एकदा फोरमनसमोर बोलून गेलो आणि ते अंगाशी आलं. बनेद अल-गारला समुद्राकडं तोंड केलेलं एक हॉटेल आहे, तिथला पियानो तेव्हापासून माझ्या गळ्यात पडला. पेटी आणि पियानो काय एकच? पण फोरमनला कोण सांगणार!

पियानो वाजवणारा क्युबाचा होता. साठीला टेकलेला, काळासावळा, सडपातळ, शर्टाला कडक इस्त्री. रोज चार ते सात लॉबीत वाजवायचा. लोक चहा पीत, फोनवर मोठमोठ्यानं बोलत. ऐकत कुणी नसे. वेटरांकडून तो मोडकंतोडकं हिंदी शिकला होता आणि मला 'भाई' म्हणायचा. मी खाली बसून खुर्च्यांचे पाय ठोकत असलो की वर तो आपली कहाणी सांगायचा. बाप साखर कारखान्यात. सरकारी संगीतशाळेत युरोपचं संगीत शिकवायचे आणि याला ओढ जॅझची, म्हणून दोनदा वर्गाबाहेर काढलेला. पंचविशीत हवानाच्या चांगल्या बँडमध्ये होता, रेकॉर्डच्या पाकिटावर त्याचं नाव छापून यायचं. मग बँड फुटला. चौदा वर्षं प्रवासी जहाजांवर वाजवलं, त्यात बायको सोडून गेली. त्यानंतर आखातातली हॉटेलं, एक सुटलं की दुसरं.

"इथं मॅनेजर म्हणतो, हळू वाजव," तो हसायचा. आता आमच्या भजनाला कुणी कुजबुजत म्हणा म्हटलं तर काय होईल? तसंच ते.

पण ही नोकरी त्याला हवी होती. नोकरी गेली की इकामा, म्हणजे राहायचा परवाना, जातो, इकामा गेला की देश सोडावा लागतो. आणि या वयाचा पियानोवाला ठेवून घेणारं दुसरं हॉटेल त्याला कुठंच दिसत नव्हतं. "तिकडं जाऊन काय करू, भाई? माझी माणसं तिथं उरली नाहीत," म्हणायचा.

त्या पियानोची एक पट्टी अडकायची. वरच्या सप्तकातली, पेटीच्या हिशोबानं पांढरी सहा. कुणाच्या तरी लग्नात आत शरबत सांडलं होतं, खालचं कापड फुगलं होतं. दाबली की ती खालीच राहायची. अर्ध्या तासाचं काम. पण हॉटेलकडून जॉब कार्ड नाही, आणि फुकट कोण करतो? मी दर वेळी म्हणायचो, "पुढच्या खेपेला." अशी दोन वर्षं गेली. तो त्या पट्टीला वळसा घालून वाजवायला शिकला. त्याची स्वतःची एक चाल होती, त्यातही ऐन रंगात आल्यावर तिथं थांबायचा, बाजूच्या दोन पट्ट्या पटकन वाजवायचा आणि माझ्याकडं बघून डोळा मारायचा. मला भारी मजा वाटायची, मेल्याला.

मग एक दिवस फोरमन म्हणाला, पियानोच्या पोटात लांब खाच पाडायची आहे. आपोआप वाजवणारं यंत्र बसणार. आधी त्या माणसाचं वाजवणं यंत्रात भरून घेतील, मग त्याला काढतील. "त्याला बोलू नकोस. तुझा इकामा पुढच्या महिन्यात नवा करायचा आहे ना?"

खोलीवर सांगितलं तर सोबत राहणारा गाववाला भडकलाच. "तुका कित्याक व्हयी ती पंचाईत? गप रव मरे!"

सकाळी मी पियानोखाली शिरून करवत चालवत होतो, तेवढ्यात तो आला. वाकून विचारलं, "भाई, हे कशाला?"

"हवा खेळायला," मी म्हणालो. "लाकूड फुगू नये म्हणून."

त्यानं मान डोलावली. सुताराचा शब्द होता, कशाला शंका घेईल? भ्यालो मी. दुसरं काही नाही.

त्याला सांगितलं होतं की हॉटेलला त्याच्या संगीताची आठवण ठेवायची आहे. तीन दुपारी तो वाजवत बसला. मी शेजारी यंत्राच्या फळ्या बसवत होतो. नवा शर्ट घालून आला होता शिंचा! इतक्या वर्षांनी कुणीतरी ऐकणार म्हणून मॅनेजरचं न ऐकता जोरात वाजवलं. जहाजावरचं, बँडचं, सगळं ओतलं. शेवटी स्वतःची चाल. पांढऱ्या सहाशी आला, वळसा घातला, डोळा मारला. मी खाली बघत स्क्रू आवळत राहिलो.

पुढच्या आठवड्यात त्याच्या हातात पत्र पडलं. तो निघाला त्या दिवशी मी मुद्दाम गेलो. बॅग घेऊन मागच्या दाराशी टॅक्सीची वाट बघत उभा होता. मी कसाबसा म्हणालो, "मला माहीत होतं."

"कळलं मला," तो म्हणाला. रागावला नाही, हेच वाईट. "सांगायचं होतंस, भाई. मी वाईट वाजवलं असतं."

टॅक्सी आली. मी बॅग उचलू लागलो तर त्यानं ती माझ्या हातातून काढून घेतली आणि स्वतःच आत टाकली.

त्यानंतर महिन्याभरानं जॉब कार्ड आलं. काम काय, तर एक पट्टी अडकते. मी पट्टी काढली, फुगलेलं कापड खरवडलं, नवं चिकटवलं. पंचवीस मिनिटं लागली. पट्टी झकास उठू लागली. वेटरनं म्हटलं, लावून बघूया, आणि बटण दाबलं.

रिकाम्या स्टुलासमोर पट्ट्या आपसूक खालीवर होऊ लागल्या. त्याचीच चाल होती. रंगात आली आणि पांढऱ्या सहापाशी थांबली. मी घाईनं बोट पुढं नेऊन ती दाबली. स्वच्छ वाजली. पण तोवर यंत्र वळसा घालून पुढं गेलं होतं.