हुक्केरीच्या यादीतून खानापूरच्या रांगेत

फिरायचं वेड कुठून लागलं, असं तुम्ही मला नेहमी विचारता. आज खरं सांगून टाकते. गोळ्यांमुळं लागलं. मला जन्मापासून एचआयव्ही आहे. आईवडील मी शाळेत जायच्या आधीच गेले, आत्यानं वाढवलं. नऊ वर्षांची असल्यापासून आत्या मला दर महिन्याला खानापूरहून निपाणीला एचआयव्हीच्या गोळ्या, म्हणजे एआरटी, आणायला नेत आली. शंभर किलोमीटर जायचं, तेवढंच परत यायचं. मध्ये बेळगाव लागतं, तिथंही या गोळ्या मिळतात. पण बेळगावच्या बाजारात खानापूरचं कुणीतरी भेटतंच, म्हणून आत्यानं बेळगाव ओलांडलं. पुढं खानापुरातल्या सरकारी दवाखान्यातही त्या मिळायला लागल्या, घरापासून दहा मिनिटांवर. तरी आम्ही निपाणीलाच. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते आमच्यासारख्यांनाच.

आता मी सव्वीस वर्षांची आहे. बेळगावच्या वाटेवर मच्छे लागतं, तिथल्या कारखान्यात तपासणी विभागात काम करते, आणि साहेबांना द्यायला रजेची नवी कारणं उरलेली नाहीत. गेल्या महिन्यात ठरवलं, निपाणीच्या दवाखान्यातली माझी फाइल खानापूरला आणायची. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता आत्यानं तोंड उघडलं.

"गावात कळलं तर दारात कोन येनार न्हाय, सांगून ठेवतोय. मला काय, माझं झालं. तुझं लगीन व्हायचं हाय अजून."

"मग लपवून लग्न करू?"

त्यावर तव्यावरची भाकरी करपली. अख्ख्या गल्लीत आत्याचा दरारा आहे, पण या एका बाबतीत ती गल्लीला घाबरते, हे मला लहानपणापासून माहीत आहे. शेवटी म्हणाली, "फाइल आणायला जायचंच असलं तर मला बी यायचंय. निपाणीच्या दवाखान्यातल्या सिस्टरला एकदा भेटून येऊ."

सकाळी सातची बस धरली. प्रवास करणाऱ्या मैत्रिणींनो, आधार कार्ड विसरू नका. कर्नाटकात राहणाऱ्या बायकांना साध्या सरकारी बसला शून्य रुपयांचं तिकीट मिळतं. मच्छेच्या स्टॉपवर मी सीटखाली चप्पल शोधल्यासारखं केलं, कारण कारखान्याच्या लेखी त्या दिवशी मी आजारी होते. पिरनवाडीपासून गर्दी वाढली आणि बेळगाव स्टँडवर उतरेपर्यंत माझ्या मांडीवर दोन अनोळखी पिशव्या आल्या होत्या.

स्टँडबाहेरच्या हॉटेलात उप्पीट आणि चहा, दोघींचे मिळून नव्वद रुपये. सिस्टरांसाठी बेळगावची खव्याची मिठाई, पाव किलो कुंदा घेतला. याच हॉटेलात बसलं की खानापूरचं कुणी बघेल म्हणून आत्या मला दर खेपेला आठवणीनं चष्मा घालायला लावायची. तिनं गल्लीत सांगितलं होतं की पोरीचे डोळे निपाणीच्या डॉक्टरला दाखवायचे असतात. मग लोक विचारायला लागले, एवढे डोळे दाखवता तर चष्मा कसा नाही? झालं, बाईनं मला बिननंबरचा चष्मा आणला. सात वर्षं मी साध्या काचेतून जग बघितलं. शाळेत मला हुशार समजायचे ते त्यामुळंच.

निपाणीची बस मिळाली तर खिडकीची जागा सोडू नका, तवंदी घाट तिथूनच बघायचा. आमची बस संकेश्वर स्टँडवर थांबली तेव्हा भिंतीवर एड्सचं, लाल रिबिनीचं पोस्टर होतं. पुढच्या सीटवर मिरचीचं पोतं पायाशी घेऊन बसलेले दोघंजण ते वाचत होते.

"ह्ये आपल्याकडं न्हाय बगा. निपाणीकडं लई. हायवे हाय न्हवं, ट्रकवाली थांबत्यात."

"व्हय की. आपल्याकडं तसली मान्संच न्हाईत."

आत्यानं मला कोपर मारलं. मला मात्र हसू आवरेना. आणि निपाणीला उतरल्यावर, तंबाखूच्या वखारींचा तो नाकात जाणारा वास ओलांडून दवाखान्यासमोर चहा प्यायला थांबलो, तर चहावाल्यानं गाव विचारलं. खानापूर म्हटल्यावर दवाखान्याकडं मान वळवून म्हणाला, "तिकडनं गोव्याला रस्ता हाय, म्हनून त्यो आजार तुमच्याकडं लई म्हनत्यात. हितं काय न्हाय." आत्याचं बोटही गोव्याकडंच. माझे वडील तिथं गवंडीकाम करायचे, म्हणून आमच्या घरात आजवर गोव्याचा काजू आलेला नाही. प्रत्येक गाव शेजारच्याकडं बोट दाखवतं. माझा आजार इतका फिरलाय, तरी त्याचं गाव म्हणून कुणी पुढं यायला तयार नाही.

सिस्टर मूळच्या चिकोडीकडच्या, कन्नड आणि मराठी एकाच वाक्यात बोलणाऱ्या. कुंदा टेबलाच्या खणात गेला आणि ट्रान्सफरचं पत्र लिहायला घेतलं. मग त्यांचं पेन थांबलं.

"खानापूरला कशाला? फाइलीत हुक्केरी हाय की."

मी आत्याकडं बघितलं. आत्या पंख्याकडं बघत होती. पहिल्या दिवशी तिनं भीतीनं पत्ता हुक्केरीचा सांगितला होता. हुक्केरीत आमचं कुणी नाही. बसच्या पाटीवर वाचलेलं नाव तेवढं.

सिस्टर खुर्चीत मागं रेलून हसल्या. "म्हंजे सतरा वर्सं हुक्केरीत एक पेशंट जास्त, आनि खानापुरात एक कमी. वरनं साहेब येतात, कुठल्या गावात किती म्हनून नकाशा करतात. निपाणीची मान्सं कोल्हापूरला जातात, तिकडली हितं येतात. मी साहेबास्नी सांगते, ह्यो नकाशा आजाराचा कमी आनि भ्यालेल्या मान्सांचा जास्त हाय." मग आत्याकडं वळल्या. "आक्का, पत्ता तुमी सांगितला, तुमीच बदला. बोला."

आत्यानं पदर नीट केला. गल्लीचं नाव सांगितलं, घर नंबर सांगितला. "खानापूर" म्हणताना तिचा आवाज बारीक झाला. मला तिची फार माया आली. या बाईनं माझ्यासाठी काय काय खोटं बोलून ठेवलंय, आणि ते सगळं एकटीनं लक्षात ठेवलंय.

परतताना भडंग घेतलं, तीस रुपयांचा पुडा, घाट उतरेपर्यंत संपला.

सोमवारी खानापूरचा दवाखाना. केसपेपरच्या खिडकीत आमच्या गल्लीतले अण्णा बसतात. (नाव लिहीत नाही, पण पुढचं त्यांना विचारूनच लिहितेय.) आत्या फाटकाशी थांबली. "तू हो फुडं." रांगेत माझ्यापुढं चारजण, मागं सहा. नंबर आला. अण्णा म्हणाले, "काय गं बाळ, ताप?"

मी वाटेत तीन वेळा वाक्य पाठ केलं होतं. ते आठवेना. रक्तात विषाणू सापडणार नाही इतका कमी आहे, रोज गोळी चुकत नाही, माझ्यापासून कुणाला धोका नाही, हे सगळं मला येतं. पण खिडकीतलं ओळखीचं तोंड बघून मी नुसतं आधार कार्ड पुढं केलं. तेवढ्यात मागून माझ्या खांद्यावर हात आला.

"ताप न्हाय," आत्या म्हणाली, तिच्या नेहमीच्या गल्लीभर ऐकू जाणाऱ्या आवाजात. "एआरटीचा कागद कर. आमच्या पोरीच्या गोळ्या आता हितनंच घ्यायच्या."

रांगेतल्या माना आमच्याकडं वळल्या. अण्णांनी एकदा तिच्याकडं, एकदा माझ्याकडं बघितलं आणि पत्ता न विचारता लिहून टाकला. आत गोळ्या मिळायला वीस मिनिटं लागली. पूर्वी यात माझा अख्खा दिवस जायचा. घरी येऊन मी जेवले, आत्या जेवली नाही. दुपारभर दाराकडं तोंड करून शेंगा फोडत बसली. येणाऱ्याजाणाऱ्याचे पाय मोजत होती, हे मला दिसत होतं. चार वाजेपर्यंत कुणी आलं नाही. तवंदी घाट आणि सिस्टरांचं हसणं या दिवसाच्या बदल्यात स्वस्तात सोडून दिलं का, असं मलाही वाटायला लागलं.

साडेपाचला अण्णा आले. ड्यूटीवरून थेट, डबा हातात. बसले, आत्यानं दिलेला चहा अर्धा प्याले आणि कप खाली ठेवला.

"आक्का, आमच्या मेव्हण्याला मी सा वर्सं झाली कोल्हापूरला नेतोय. ह्याच गोळ्यास्नी."

खानापूरच्या दवाखान्यात रोज खिडकीत बसणारा माणूस आपल्या माणसाला घेऊन कोल्हापूर गाठत होता.

"तुमास्नी भ्या वाटलं न्हाय?" त्यांनी विचारलं.

"वाटलं की. लई वाटलं." आत्यानं शेंगा भरलेलं सूप त्यांच्याकडं सरकवलं. "फुडल्या खेपेला लावून दे त्याला आमच्यासंगट. रांगंत एकट्यानं उभारायला कसंतरी हुतं."