होलमतच्या फळीवरचे वाडगे

आमच्या गल्लीत, कालव्याला लागून, होलमत राहतो. जन्मभर पाटकरी होता. खांद्यावर फावडं टाकून फिरायचा आणि कुणाच्या बागेत पाणी कधी सोडायचं ते ठरवायचा. लोक त्याला आका, म्हणजे दादा, म्हणायचे आणि भांडायलाही यायचे. "आका, माझ्या द्राक्षांनी तुमचं काय घोडं मारलंय?" असं कुणी म्हटलं की हा म्हणायचा, "तुझी द्राक्षं बरी आहेत रे, तूच कोरडा दिसतोस. उतर कालव्यात." भांडायला आलेला माणूस हसत परत जायचा. एकदा तर एक जण खरंच उतरला होता, पण ती गोष्ट वेगळी.

होलमतची बायको साबोहत गेल्या वसंतात वारली. मुलगी लांब तेरमेझला दिलेली, ती महिनाभर राहून गेली. मग घरात हा एकटा.

आमच्याकडे चुलीवर काही चांगलं शिजलं की त्याचा वास भिंतीपलीकडे जातोच, आणि ज्याच्या नाकात वास गेला त्याचा त्यात वाटा असतो. वर रोटी झाकून वाडगा शेजारी पाठवायचा. तो वाडगा रिकामा परत येत नाही. साबोहतच्या हातचा वाडगा तर आम्ही वाट बघून खायचो.

ती गेल्यावर बायकांनी होलमतकडे वाडगे पाठवायला सुरुवात केली. आज मुगाची खिचडी, उद्या शेवयांचं सार. हा खायचा, वाडगा धुवायचा आणि फळीवर ठेवायचा. मूठभर बेदाणे घालून परत दिला असता तरी कुणी बोललं नसतं. पण साबोहतने कधी दुकानातली वस्तू वाडग्यात घातली नव्हती, आणि आपण घातली तर तिच्या नावाला कमीपणा येईल असं याच्या मनाने घेतलं. आमच्याकडचे पुरुष लग्नाकार्यात कढईभर पुलाव करतात. हा मात्र तिथेही फक्त जाळ बघायचा. शिजवणार काय?

फळी भरत गेली. दारावर थाप पडली की याची नजर फळीकडे जायची, आणखी एक वाडगा आला म्हणून. आधी हा हळू उघडायला लागला, मग उघडेनासा झाला. आतून कडी घालून बसायचा. लोक म्हणाले, दुःखात आहे, राहू द्या. कुणी म्हणाले, माज आलाय. मग वाडगे थांबले आणि थापाही थांबल्या. सबंध उन्हाळा त्याच्या घरातून आवाज आला तो नुसता रेडिओचा.

कोबी बाजारात आला तेव्हा एका सकाळी तो निशान खाटकाच्या दुकानात उभा दिसला. मीही तिथेच होतो.

"गाईचं दे. बरगडीकडचं, चरबी राखून."

"पाहुणे येणार का, आका?" निशानने विचारलं.

"मीच जाणार आहे."

"मांस घेऊन?"

"तू काप रे. जीभ कमी चालव, सुरी जास्त."

वाटेत त्याने मला सगळं सांगितलं. मांस-भाज्यांचा दिमलामा करायचा होता. त्यात ढवळायचं नसतं, परतायचं नसतं, नुसतं रचायचं असतं, म्हणून तेवढा आपल्याला जमेल असं त्याला वाटत होतं. आधी एकदा केला होता म्हणे. पण धीर धरवला नाही. दर थोड्या वेळाने झाकण उघडून बघितलं, वाफ गेली, तळ लागेल म्हणून तांब्याभर पाणी ओतलं, आणि पुढे चार दिवस तो पांचट रस्सा एकटाच पीत बसला.

"या वेळी तू माझ्यासमोर बस," म्हणाला. "माझा हात झाकणाकडे गेला की शिवी दे."

"कुठली?"

"तुला येते ती सगळ्यात जुनी."

मी बसलो. त्याने कढईत तळाला चरबी घातली, त्यावर मांस, मग कांद्याचा जाड थर, गाजर, बटाटे, टोमॅटो, सालासकट लसणाचे गड्डे, जिरं, धणे, मीठ. सगळ्यावर कोबीची पानं पांघरली, त्यावर ताट उपडं घातलं, वर झाकण आणि झाकणावर दगड. पाणी थेंबभरही नाही. खाली जाळ असा, की आहे म्हणून समजावा. मग आम्ही बसून राहिलो. मला दोनदा शिवी द्यावी लागली. एकदा तर तो उठून अंगणाच्या टोकाला जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

दुपार कलल्यावर झाकण काढलं. मांस चमच्याने तुटत होतं, आणि भाज्यांनी सोडलेलं पाणीच रस्सा होऊन आलं होतं. होलमतने फळीवरचे वाडगे उतरवले, भरले, प्रत्येकावर रोटी झाकली. परात मी उचलली.

पहिल्याच दारात घोटाळा. गल्लीतल्या प्रत्येक घरात तेच वाडगे, निळ्यावर पांढरं कापसाचं बोंड. कुणाचा कुठला हे साबोहतला कळायचं, याला कसं कळणार?

सगळ्यांची ताई असलेल्या बाशोरत ओपाने वाडगा फिरवून बघितला. "हा माझा नव्हे, आका. माझ्याची कड उडालेली आहे."

"मग कुणाचा?"

"ते आम्ही बायका बघू. रस्सा तर तुमचा ना?" तिने उभ्यानेच रोटी बुडवून खाल्ली. "मीठ साबोहतसारखं पडलंय," म्हणाली.

मग प्रत्येक दारात तेच. चुकीचे वाडगे चुकीच्या घरी गेले, आणि बायका कुंपणावरून एकमेकींना हाका मारत अदलाबदल करू लागल्या. कित्येक महिन्यांनी गल्ली होलमतवर हसत होती, आणि त्याचे कान लाल झाले होते.

शेवटचा वाडगा मुहाय्योचा. अगदी टोकाचं घर, ती, तिचा नवरा आणि लहान पोरगा. त्यांच्या फाटकाला कुलूप होतं, आणि कुलपावर धूळ.

"गेले ते," मी म्हणालो. "रशियात, कामाला. उन्हाळ्यातच."

"मला न सांगता?"

खोटं बोलावंसं वाटलं, पण जमलं नाही. "सांगायला आली होती. मी ओट्यावर बसलो होतो. तिने बराच वेळ दार वाजवलं. मग पोराला कडेवरून उतरवून त्यालाही हाक मारायला लावली."

होलमत वाडगा हातात धरून उभा होता. रोटी खालून भिजली होती.

"ऐकली होती मी हाक," तो म्हणाला. "वाटलं, वाडगा घेऊन आली."

मी म्हटलं, चल माझ्याकडे, दोघं मिळून खाऊ. नको म्हणाला आणि वाडगा घेऊन घरी गेला.

दुसऱ्या दिवशी त्याने दाराची आतली कडी खिळ्यांसकट उपटून काढली. आता कुणीही ढकलून आत जातं. वाडगे पुन्हा येतात, आणि तो दर जुम्म्याला दिमलामा रचतो. मुहाय्योचा वाडगा तेवढा फळीवरच असतो. संध्याकाळी मी जातो तेव्हा तो दाराकडे तोंड करून बसलेला असतो. दार करकरलं की झटकन वर बघतो, आणि मी दिसलो की क्षणभर त्याचा चेहरा उतरतो. मी मनावर घेत नाही. "बस," म्हणतो तो, आणि माझ्यासाठी चहा ओततो.