आडव्या ओळींवर उभ्या ओळी

कुरियरवाला तीनला येणार होता, परत पाठवायच्या कागदांचा बॉक्स सील झाला होता, आणि अडीच वाजता माझ्या लक्षात आलं की घोळ मीच घातलाय.

जपानमधल्या कावासाकीच्या एका कंपनीत मी जुनं हस्ताक्षर वाचणारं सॉफ्टवेअर बनवते. या वेळचे कागद एकोणिसाव्या शतकातल्या एका अमेरिकन शेतकऱ्याचे होते. बियाण्यांच्या याद्या, घरची पत्रं. ते कोबेहून आले होते, त्याची पणती एलन-सान यांच्याकडून. वय पंच्याऐंशी. लग्न होऊन जपानात आल्या आणि इथल्याच झाल्या.

पहिल्याच व्हिडिओ कॉलवर त्या म्हणाल्या होत्या, "माझ्या आजीनं, क्लारानं, मनाविरुद्ध लग्न केलं. बापानं तिला कधी माफ केलं नाही म्हणतात. त्यानं तिला लिहिलेलं, पण न पाठवलेलं एक पत्र आहे. ते गिचमिड कुणालाच लागत नाही. मी आहे तोवर तेवढं वाचून द्या."

नेमकं तेच पत्र आमच्या रिपोर्टमध्ये 'वाचता येत नाही' म्हणून गेलं होतं.

अडीचला चुलतभावानं ग्रुपवर आमच्या सांगलीच्या आत्याचं जुनं पोस्टकार्ड टाकलं. जागा संपली की आत्या कार्ड फिरवून कडेनं लिहायची. वाचायला मी फोन आडवा केला, तर फोटोही फिरला! शहाणपणा नुसता. आणि एकदम ट्यूब पेटली. माझा प्रोग्रामही असाच नको तिथे शहाणपणा करत होता. ओळींच्या दिशेत न बसणारी शाई तो डाग समजून पुसायचा. ही हुशारी माझीच.

मी धावत मोरी-सानकडे गेले. ते आमचे बॉस.

"बॉक्स उघडायचाय. स्कॅनमधली शाई प्रोग्रामनं पुसलीय, मूळ कागदच हवा."

"सील झालाय. चेकलिस्टवर माझा शिक्का आहे."

"ते नुसतं गिचमिड नाहीये! शेतकऱ्यानं कागद फिरवून त्याच ओळींवर पुन्हा लिहिलंय."

"खात्री आहे?"

"नाही. पण आत्या आहे."

त्यांनी घड्याळ पाहिलं, मग माझ्याकडे. आणि कटर स्वतःच घेतला.

आडवं पत्र मक्याचं, पावसाचं, मोडलेल्या कुंपणाचं. मी कागद फिरवला. उभ्या ओळी अक्षर अक्षर लागत गेल्या आणि मी चक्क ओरडले. आख्खं ऑफिस वळून बघायला लागलं. बघू दे!

लगेच एलन-सानना कॉल लावला आणि वाचून दाखवलं: "तुझी गाय विकलेली नाही. दुसऱ्या कुणाला ती दूध काढू देत नाही. नवऱ्याला घेऊन ये."



"आजी गेली तेव्हा मी तिच्याजवळ होते," त्या म्हणाल्या. "तिला हे कळायला हवं होतं." मग म्हणाल्या, "पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं.

कुरियरवाल्याला मोरी-साननी वाकून वाकून माफी मागत वीस मिनिटं थांबवून ठेवलं. दुसऱ्या दिवशी चेकलिस्टमध्ये नवी ओळ आली: 'कागद फिरवून पाहिला का?' शेजारी शिक्क्यासाठी चौकोन. प्रत्येक कागदाला तो शिक्का मीच मारायचा, असं ठरलं.