मीठ घातलेली पेज

माझ्या मुलीला पाण्यावाचून मारलं, असं मी आजही म्हणते. मारलं ते आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या आत्यानं. विधवा होऊन त्या माहेरी न्हावऱ्याला आल्या होत्या आणि सासू नसल्यामुळे घराचा कारभार त्यांच्याच हातात होता. पन्नास सालानंतरची ती वर्षं. नवरा त्यांच्या शब्दाबाहेर जात नसे आणि मला तर कुणी विचारतच नसे.

मुलगी नुकती पावलं टाकू लागली होती. उन्हाळ्यात तिला हगवण लागली. आमच्याकडे हगवण लागली की पाणी तोडायचं. वरून घातलं की खालून जातं, एवढी साधी समजूत. आत्याबाईंनी रांजणाशेजारी गोधडी टाकली आणि राखण करत बसल्या. अंगात ताकद राहावी म्हणून पोरीला तूपभात मात्र चारला. ते तूप जसंच्या तसं बाहेर पडत होतं, दुपट्यावर तेलकट डाग उरायचे. तूप पचायला पित्त लागतं, आतड्याचं अस्तर धड असावं लागतं, हे मला पुष्कळ पुढं समजलं. आजारी आतड्याला तूप झेपत नाही, पण मीठ आणि गूळ ते तशातही ओढून घेतं आणि त्यांच्यामागोमाग पाणी आत जातं. तेव्हा मला फक्त रांजणाकडे वळलेलं लेकराचं बोट दिसत होतं.

भांडी घासून मी तिच्याजवळ बसले. माझा पदर ओला होता. तिनं तो तोंडात धरला आणि चोखू लागली. मी हलले नाही, पण आत्याबाईंचं लक्ष गेलंच.

"लुगडं बदलून ये," त्या म्हणाल्या. "आन् वल्या पदरानं पोरीपाशी बसू नगंस."

नवरा दारात उभा होता. त्यानं मान खाली घातली. मी लुगडं बदललं.

पोरीचे डोळे खोल गेले तेव्हा कुठं आम्ही दौंडची एसटी धरली. आत्याबाई घरी राहिल्या. दवाखान्यात नवरा बाहेर थांबला, मी लेकराला घेऊन आत गेले. डॉक्टरांनी तिच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, ती तशीच उभी राहिली.

"पाणी कधी पाजलंत?"

"पाणी तोडलंय," मी म्हणाले.

सुई लावायला ते शीर शोधत राहिले. "अहो बाई, हिच्या अंगातलं पाणी आणि मीठच निघून गेलंय. मीठ घालून पातळ पेज पाजत राहिला असता, तर पोर हाताला लागलं असतं." शीर सापडली नाही. मुलगी माझ्या मांडीवरच गेली.

ते बोलणं मी घरी घेऊन आले आणि आत्याबाईंपुढं अवाक्षर काढलं नाही. आळीत कुणाचं लेकरू आजारी पडलं की पेज करून न्यायची, ती मागच्या दारानं. आत्याबाईंना त्यांच्याच समजुतीत राहू दिलं. कधीतरी त्यांचं पोट बिघडेलच, याची मी वाट बघत होते. देवापुढं हात जोडून बघत होते, खोटं कशाला सांगू.

काही वर्षांनी तो दिवस आला. नवरा बैल बघायला यवतला गेला होता. आत्याबाई सकाळपासून परसाकडे जाऊन जाऊन आडव्या झाल्या. पाणी मागायची त्यांना सोय नव्हती, नियम त्यांचाच होता. मी रांजणाशेजारी गोधडी टाकली आणि बसले. त्या गेल्या असत्या तर गावानं मला बोल लावला नसता, उलट सुनेनं सगळं रीतीनं केलं म्हटलं असतं. दुपारपर्यंत मी त्यांचे ओठ सुकताना बघितले. मला बरं वाटत होतं.

मग मी भांडी घासून आले आणि त्यांचं अंथरूण सारखं करायला वाकले. त्यांनी माझा पदर धरला. ओला होता. त्यांनी तो तोंडात घातला.

मी पदर सोडवून घेतला आणि चूल पेटवली. तांदळाची पेज पातळ केली, मीठ घातलं, गुळाचा खडा टाकला. त्यांचं डोकं मांडीवर घेऊन चमचा ओठांना लावला.

"जुलाबात चालतं व्हय?" त्यांनी विचारलं.

"चालतं," मी म्हणाले. "तवाबी चालत व्हतं, आत्याबाई. दौंडच्या डाक्टरनं सांगितलं व्हतं."

त्यांनी तोंड फिरवलं. मी हनुवटी धरून ते परत वळवलं आणि दुसरा चमचा घातला. मरून मी त्यांना सुटू देणार नव्हते. दिवस मावळेपर्यंत सगळी पेज पोटात घातली.

आत्याबाई त्यानंतर बरीच वर्षं जगल्या. रोज सकाळी मी तांब्या भरून त्यांच्या उशाशी ठेवायची. त्या आधी माझ्याकडे बघायच्या, मग पाण्याकडे, आणि माझी पाठ वळेपर्यंत तांब्याला हात लावायच्या नाहीत. पाठ वळवायची मी कधी घाई केली नाही.