तेराव्या झेंड्यावरची टोपी

आमच्या ह्यांनी एकतीस वर्षं घरोघरी पत्रं वाटली आणि त्या एकतीस वर्षांत कुणाला एकदाही पत्ता विचारला नाही. असं मी म्हणत नाही, ते स्वतःच सांगतात. लग्नाच्या पंगतीत, दवाखान्याच्या रांगेत, जिथे ऐकणारा सापडेल तिथे. "पोस्टमनने पत्ता विचारला की समजायचं, त्याचं काम संपलं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी तिसरीच्या वर्गाची बाई. मला प्रश्न विचारणारं पोर जास्त आवडतं. आता या दोघांचा संसार कसा झाला ते विचारू नका. झाला.

पोस्टमनला गोल्फ कुठून आलं, असं सगळे विचारतात. ह्यांच्या रोजच्या वाटेवर शहराच्या टोकाला नऊ होलचं एक छोटं मैदान होतं. झुडपांत हरवलेले चेंडू हे शोधून काढत आणि त्यावरची खूण ओळखून ज्याच्या त्याच्या दारात टाकत. तिथल्या चिटणीसांना त्याचं इतकं कौतुक वाटलं, की त्यांनी चार जुन्या काठ्या ह्यांच्या गळ्यात मारल्या आणि सांगितलं, सोमवारी दुपारी इथे कुत्रंही फिरकत नाही, तुम्ही खेळत जा. हे वीस वर्षं खेळले. माझी सोमवारी शाळा, त्यामुळे मी काही बघायला गेले नाही. घरी येऊन जे सांगतील ते मी ऐकायची, आणि त्यातलं निम्मं खरं धरायची.

मग हे निवृत्त झाले. चार महिन्यांनी एका रविवारी टोमॅटोची पिशवी घेऊन जुन्या मित्राकडे गेले. हा मित्र पोस्टातच पत्रं लावायचा, आणि नुकताच नव्या वसाहतीत राहायला गेला होता. दोन तासांनी हे परत आले, टोमॅटोसकट. "घरी नव्हता," म्हणाले. तेवढ्यात त्याचाच फोन आला, की मी सकाळपासून वाट बघतोय, कुठे राहिला हा! तिथे एकसारख्या चार इमारती आहेत म्हणे. त्या दिवसापासून ह्यांनी कोपऱ्यावरच्या दुकानापलीकडे पाऊल टाकलं नाही. दिवसभर खिडकीत बसायचे आणि नव्या पोस्टमनच्या चुका काढायचे. मला भीती वाटायला लागली. लेकीलाही वाटली असावी, कारण तिने आम्हाला आठ दिवस थंड हवेच्या ठिकाणी पिटाळलं आणि तिथल्या गोल्फच्या मैदानावर ह्यांच्यासाठी एक सकाळ ठरवून ठेवली. पूर्ण अठरा होल.

मैदानाच्या कचेरीच्या खिडकीवरच्या माणसाने एक कार्ड दिलं आणि एक नकाशा. ह्यांनी नकाशा परत सरकवला. मी तो हळूच पर्समध्ये टाकला. कार्डावर दुसऱ्या कुणीतरी गुण लिहून सही करायची असते असं कळलं, तेव्हा मात्र मी खूश झाले. प्रगतीपुस्तकं भरण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

पहिला होल डोळ्यांसमोरच होता, तो निभावला. दुसऱ्याच्या शोधात आम्ही स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी पोहोचलो. तिथे कांदे सोलणाऱ्या आचाऱ्याने विचारलं, "कुठे जायचंय, काका?"

"कुठे नाही," हे म्हणाले. "बघतोय."

"काय?"

ह्यांनी आजूबाजूला पाहिलं. "कांदे," म्हणाले.

दुसरा आणि तिसरा सापडायला तासभर गेला. वाटेत एका माळ्याने न विचारता हात करून दिशा दाखवली, तर हे मुद्दाम उलट दिशेला गेले आणि तो दिसेनासा झाल्यावर गुपचूप मागे वळले. माझे पाय बोलायला लागले होते.

"अहो, माझ्याकडे नकाशा आहे," मी म्हटलं.

"असू दे."

"तिथे बाण काढलाय बघा."

"बाण बघून चालायचं असतं तर एकतीस वर्षं काय गवत कापलं मी?"

चौथ्या होलपुढे उंचवटा होता आणि त्यापलीकडे एका झेंड्याचं टोक दिसत होतं. ह्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जसं ओळखीचं घर आहे. काठी फिरवली. चेंडू उडाला, उंचवट्यापलीकडे गेला, आणि हे बुटाची नाडी बांधायला खाली बसले. मी पुढे झाले. बघते तर हिरवळीवर चेंडू नाही. होलमध्ये डोकावले. आत!

"आत गेला! अहो, एका फटक्यात आत गेला!" मी ओरडले.

गोल्फमध्ये याच्यावर काही नाही. माणसं जन्मभर खेळतात आणि हे न घडता घरी जातात. हे धावत आले, चेंडू पाहिला, आणि काठी डोक्यावर धरून नाचायला लागले. लग्नाला एकोणतीस वर्षं झाली, पण हा माणूस नाचू शकतो हे मला त्या दिवशी कळलं. मी कार्डावर चौथ्यासमोर ठसठशीत १ लिहिला. मग वर पाहिलं. झेंड्यावर आकडा होता तेरा.

इतक्या महिन्यांनी माणूस हसतोय, आणि त्याला सांगायचं की तुम्ही चुकीच्या दारात टाकलंत? मी डोक्यावरची टोपी काढली आणि झेंड्यावर अडकवली.

"टोपी का काढलीस? ऊन लागेल."

"झेंड्याला लागतंय," मी म्हटलं. दुसरं काही सुचलंच नाही.

हे हसले. खुशीत माणूस काहीही पचवतो. मी तर मनाशी ठरवून टाकलं, की सही ठोकायची. तिसरीच्या पोरांना खोटं बोलू नका म्हणून शिकवणारी मी, बिनदिक्कत ठोकणार होते. तेवढ्यात मागून एक चेंडू टप्पे खात आला आणि माझ्या चपलेला लागून थांबला. त्याच्यामागून एक उंच बाई आली.

"माफ करा," ती म्हणाली, "पण आमच्या तेराव्या होलवर तुमची टोपी कशाला?"

ह्यांनी जाऊन टोपी काढली, आकडा वाचला आणि टोपी माझ्या डोक्यावर नीट बसवली. मग वाकून चेंडू बाहेर काढला आणि हिरवळीच्या कडेला जाऊन उभे राहिले. चेहरा थेट त्या टोमॅटोच्या दिवसासारखा. मला त्या उंच बाईचा इतका राग आला की काय सांगू, आणि तिची बिचारीची काहीच चूक नव्हती.

मग हे माझ्याकडे न बघता म्हणाले, "तो नकाशा आहे ना गं तुझ्याकडे?"

"आहे."

"मग सांग बरं. चौथा कुठे आहे?"

पर्सची चेन उघडून मी नकाशा उलटा धरला, सुलटा केला. "डावीकडे. त्या तीन झाडांच्या मागे."

"नक्की?"

"नक्की."

चेंडू खाली ठेवून हे तिथूनच पुढे खेळले. दोनदा वाळूत आणि एकदा झाडावर असं करत चेंडू चौथ्यात गेला तेव्हा सगळे मिळून अकरा फटके झाले होते. मला खाडाखोडसुद्धा करावी लागली नाही. एकापुढे आणखी एक काढला. मग दुपारपर्यंत प्रत्येक होलला हे विचारत गेले, "आता कुठे?", आणि मी सांगत गेले. एकदा चुकीचं सांगितलं, तर तेवढ्यावरून दोन होल बोलत होते. अठरा पूर्ण केले आणि मी खाली खरीखुरी सही केली.

घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी ह्यांनी टोमॅटो घेतले आणि बाहेर पडले. मी घड्याळाकडे बघत बसले. अर्ध्या तासाने फोन वाजला.

"पोहोचलो," हे म्हणाले. "वॉचमनला विचारलं."

"मग?"

"मग काय! त्याला स्वतःलाच माहीत नाही. मी दारोदार विचारून त्याला सगळ्या चारी इमारतींतली नावं लिहून देतोय. जेवायला थांबू नकोस."