कोण ही टासिंग?

मनांग चोलेंगला गाडीत बसल्या बसल्या चपला काढायची सवय आहे. एकतीस वर्षं मी तिची जीप चालवतोय, आणि एकतीस वर्षं तिची एक तरी चप्पल घसरत येऊन माझ्या ब्रेकखाली अडकते. सांगून पाहिलं, भांडून पाहिलं. "एवढे दोन भोंगे आहेत ना गाडीवर, एस्तो? ब्रेक लागला नाही तर भोंग्यातून ओरड," म्हणते. आता अशा बाईपुढे काय डोकं फोडायचं!

मनांग म्हणजे थोरली बहीण. नात्यानं ती माझी कुणी लागत नाही, पण वयानं मोठ्या बाईला आमच्या किनाऱ्यावर दुसरं काय म्हणणार? तिचा धंदा निवडणुकांचा. कुणाला उभं राहायची हुक्की आली की तो बायकोच्या आधी मनांगला विचारतो. भाषणात काय बोलायचं, त्याहून जास्त म्हणजे काय बोलायचं नाही, शर्ट कुठल्या रंगाचा, मयताच्या घरी किती वेळ बसायचं, सगळं तीच ठरवते. भोंग्यावरची गाणीही तिचीच. मनिलातल्या एका मोठ्या कंपनीनं तिला बोलावलं होतं. गेली, चार दिवस राहिली आणि परत आली. "तिथे माणसं कमी आणि आकड्यांचे तक्ते जास्त, एस्तो. जीव गुदमरला माझा." मी मनातून खूश झालो. नाहीतर माझी जीप कुणी पोसली असती?

तिनं सुरुवात केली इलोइलो शहराच्या रेडिओवर. रोज सकाळी मयतांची नावं वाचायची. एकदा एका कोळ्याचं मृत्यूच्या दाखल्यावरचं लांबलचक नाव वाचलं, तर त्याच्या सख्ख्या भावालाही कळलं नाही की आपला भाऊ गेला. दुसऱ्या दिवशी टोपणनाव वाचलं आणि अख्खा किनारा रडत आला. त्या दिवसापासून मनांगचा एकच मंत्र: टोपणनाव. मतपत्रिकेवर आमच्याकडे आडनाव छापतात आणि पुढे टोपणनाव. आणि आमच्या गावात आडनावाचा काडीचा उपयोग नाही. स्पॅनिश साहेबांनी एका यादीतून गावोगाव आडनावं वाटली तेव्हा आमच्या वाट्याला 'ग'चं पान आलं. गालिया, गेरोना, गेरोनिया, गुमाबान. पोस्टमनसुद्धा पाकीट हातात धरून विचारतो, "अहो, पण म्हणतात काय त्याला?"

वकील मॅक्सिमियानो गुमाबान दोनदा आपटला होता. मनांगनं त्याच्या अर्जावर लिहिलं 'मानोक', म्हणजे कोंबडा, कारण त्याच्या अंगणात झुंजीचे बारा कोंबडे होते. वकीलसाहेब लालबुंद झाले. निवडून आल्यावर मात्र स्वतःच्या गाडीवर कोंबड्याचं चित्र काढून घेतलं. अशी ही बाई.

आणि याच बाईनं टोपणनावातच माती खाल्ली.

नाय गुंतिंग आमच्या गावची सुईण. नाय म्हणजे आई, गुंतिंग म्हणजे कात्री. चाळीस वर्षांत गावातल्या निम्म्या नाळा तिच्या कात्रीनं कापल्या. बोलणं कमी, हात शांत. गावच्या बाळंतघराला मेयर चानोनं कुलूप ठोकलं आणि आत सिमेंटची पोती रचली. तेव्हापासून कळा सुरू झाल्या की बाईला दीड तास शहरात न्यायचं. गेल्या वर्षी एक पोरगी वाटेतच तीनचाकीत बाळंत झाली, मूल गेलं. त्या पोरीचे हात धरून नाय बसली होती. दुसऱ्या दिवशी ती मनांगच्या दारात आली आणि म्हणाली, "चोलेंग, मी उभी राहते. ते कुलूप मला काढायचंय."

दोघी लहानपणच्या मैत्रिणी. एका बाकावर बसलेल्या, एकाच शेंगेतली चिंच चोखलेल्या. मनांगनं हातातल्या दुसऱ्या दोन उमेदवारांची कामं सोडली आणि स्वतःच्या सुबक अक्षरात नायचा अर्ज भरला. नायनं सही केली.

जानेवारीत उमेदवारांची यादी निवडणूक कचेरीच्या भिंतीवर लागली. मी भाताचा डबा घेऊन जीपमध्ये बसलो होतो. मनांग यादी बघायला गेली आणि भिंतीपुढे खिळूनच राहिली. मी जाऊन पाहिलं. मेयरपदाखाली एक नंबर: गेरोना, टासिंग. दोन नंबर: गेरोनिया, मेयर चानो.

"ही टासिंग कोण?" मी विचारलं.

"गाढवा," मनांग म्हणाली, "तुमची नाय गुंतिंगच आहे ती. फेलिसितास. टासिंग. मी तिला टासिंगच म्हणते ना."

"तुम्ही म्हणता! गाव कुठे म्हणतं?"

ती मटकन पायरीवर बसली. मनांगच्या लेखी नाय कधी कात्री झालीच नव्हती. अर्जावर टोपणनावाचा रकाना आला आणि हातानं आपोआप लहानपणापासून माहीत असलेलं नाव लिहिलं. आता दुरुस्तीची मुदत संपली होती, मतपत्रिका छपाईला गेल्या होत्या. लोक मतपत्रिकेवर गुंतिंग शोधणार, सापडणार नाही, आणि गेरोना-गेरोनियात गोंधळून ओळखीच्या चानोच्या नावापुढचा गोळा काळा करून येणार. 'एक नंबर' म्हणून सांगावं, तर एक नंबर प्रत्येक पदाच्या रकान्यात होता. म्हाताऱ्या माणसांनी कुठल्या एकाला काळं करायचं?

"नायला काय सांगायचं?" मी विचारलं.

"छापणाऱ्यांनी घोळ केला म्हणून सांगते."

"खोटं?"

"तू गाडी चालव."

तिनं तसंच सांगितलं. नाय म्हणाली, "असं होय?" आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली.

प्रचार सुरू झाला आणि चानोला आयतंच कोलीत मिळालं. चौकातल्या सभेत हात पसरून म्हणाला, "कोण ही टासिंग? तुम्ही पाहिलीय? मी तर बाबा पाहिली नाही!" लोक पोट धरून हसले. मलाही हसू आलं, खोटं कशाला बोलू. मनांगनं माझ्याकडे असं पाहिलं की मी खाली वाकून टायर तपासायला लागलो. त्या आठवड्यात तिचं जेवणावरून लक्ष उडालं. माझ्या बायकोनं केळीच्या पानातला गोड भात पाठवला, तोही तसाच परत आला. त्याचं मला जास्त वाईट वाटलं.

आता पुढचं श्रेय माझं आहे. मनांग ते कुणाला सांगत नाही, म्हणून मीच सांगतो. माझी लेक नोकरीसाठी परदेशी निघाली होती, पासपोर्टसाठी तिचा जन्मदाखला हवा होता. प्लास्टिकच्या पिशवीतून तो काढून मी सहज वाचत होतो. खाली, बाळंतपण कुणी केलं त्या जागी, निळ्या शाईत ठळक अक्षरात लिहिलं होतं: फेलिसितास गेरोना, सुईण.

मी तसाच उठून मनांगकडे गेलो आणि कागद तिच्यापुढे धरला. तिनं चष्मा लावला. मग माझ्या पाठीत असा गुद्दा घातला की दोन दिवस दुखत होतं.

"एस्तो, अरे, प्रत्येक घरात हा कागद आहे!"

खरंच होता. आमच्याकडे घर वाहून गेलं तरी चालेल, पण जन्मदाखल्यांची पिशवी कोरडी राहिली पाहिजे. शाळा, लग्न, परदेश, सगळं त्या कागदावर चालतं. मनांगनं भाषणं बंद केली, गाणं बंद केलं. घरोघरी जायची, चहा प्यायची आणि म्हणायची, "जरा पोरांचे दाखले काढा बघू. खाली कुणाची सही आहे, मोठ्यानं वाचा." लोक वाचायचे. "फेलिसितास गेरोना." दुसऱ्या पोराचा. "फेलिसितास गेरोना." तिसऱ्याचा काढेपर्यंत घरातल्या म्हातारीच्या डोळ्यांत पाणी यायचं. "अगो बाई, ही तर आपली नाय गुंतिंग!" मग मनांग बोट ठेवून दाखवायची, "गेरोना. मध्ये 'नि' नाही. 'नि'वाला कुलूप लावतो, बिन-'नि'वाली काढते. आणि फेलिसितासची झाली टासिंग."

शेवटच्या सभेत चानो पुन्हा सुरू झाला, "कोण ही टासिंग?" आमची जीप चौकाच्या कडेला उभी होती. मनांगनं माझ्या हातातून माइक हिसकावला. "मेयरसाहेब, घरी जाऊन तुमच्या तिन्ही पोरांचे दाखले बघा!" अख्खा चौक टाळ्या पिटायला लागला. चानोची बायको व्यासपीठावरच तोंडावर पंखा धरून हसत होती, मी स्वतः पाहिलं.

मतदानाच्या दिवशी रांगेत शंभरेक लोक प्लास्टिकच्या पिशवीत जन्मदाखला घेऊन उभे. अधिकारी तणतणत आला, "हा प्रचार आहे का?" पुढची बाई म्हणाली, "साहेब, ओळखपत्र आहे. माझी ओळख पटायला नको?" बिचारा गेला निमूट.

नाय गुंतिंग दोनशे बारा मतांनी निवडून आली.

शपथविधी झाला त्या दुपारी मी दोघींना जीपमधून बाळंतघराकडे नेत होतो. किल्ली नायच्या मुठीत होती. मनांगनं चपला काढल्या नव्हत्या, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी बिनसलंय.

"टासिंग," ती म्हणाली, "छापणाऱ्यांनी घोळ केला नव्हता. मी केला. मी खोटं बोलले तुझ्याशी. तू पडली असतीस तर... मी काय तोंड दाखवलं असतं तुला?"

नाय खिडकीबाहेर बघत होती. "मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"अर्जावर सही केली तेव्हापासून. चाळीस वर्षं सह्या करतेय मी, चोलेंग. न वाचता कधी करीन का?"

मनांग एकदम उसळली. "अगं, मग बोलली का नाहीस? तेव्हा दोन अक्षरं खोडली असती तर काम झालं असतं! पाच महिने मला झोप नाही! एस्तोच्या बायकोचा भात परत पाठवला मी!"

"आई गेली, नवरा गेला," नाय म्हणाली. "आता मला टासिंग म्हणणारी तू एकटीच राहिलीस. तू ते लिहिलंस आणि मला खोडवेना. वाटलं, एकदा छापलेलं बघावं."

मी आरशात पाहायचं टाळलं. मनांग नाक ओढत होती, आणि ती रडते तेव्हा कुणी बघितलेलं तिला चालत नाही.

जीप बाळंतघरापुढे थांबली. कुलूप गंजलं होतं, किल्ली फिरेना. मी खोबरेल तेल घातलं तेव्हा कुठे उघडलं. दारावरची चानोच्या नावाची पाटी मनांगनं स्वतः उपटली, पदर सावरावा तसा आवाज सावरला आणि धंद्याच्या सुरात विचारलं, "नवीन पाटीवर काय लिहायचं? मेयर गेरोना? मेयर टासिंग?"

"नाय गुंतिंग लिही," ती बाह्या सरसावत पोत्यांकडे निघाली. "टासिंग तुझ्याकडेच राहू दे."